हवामानाच्या नोंदी आणि बिनतारी शेजारधर्म



२००५ सालच्या जुलै महिन्याची २६ तारीख मुंबईकर कधींही विसरणार नाहींत. त्या दिवशीं दुपारपासून जो पाऊस कोसळूं लागला त्यानें आगगाड्या बंद पडल्या, रस्त्यांच्या नद्या झाल्या, आणि सायंकाळीं कचेरींतून निघालेलीं माणसें दुसऱ्या दिवशीं घरीं पोंचलीं. शेंकडों तर पोंचलींच नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेआठ वाजतां वेधशाळेनें चोवीस तासांचा पाऊस मोजला. सांताक्रूझ येथें तो ९४४ मिलिमीटर भरला. कुलाब्यास मात्र भरला अवघा ७३ मिलिमीटर. दोहोंमधील अंतर पंचवीस किलोमीटरांच्या आंतलें. शहर एक, दिवस एक, दोन्ही यंत्रें बिनचूक. आणि तरीही एका आंकड्यावरून पाहिलें तर प्रलय झाला होता, व दुसऱ्यावरून पाहिलें तर आषाढांतला नेहमींचा एक दिवस गेला होता.

मग त्या दोन यंत्रांमधल्या जागेंत काय झालें? दादरास किती पडला, कुर्ल्यास किती, मिठी नदीच्या उगमाकडे किती? त्या घटकेला हें क्षणोक्षणीं सांगूं शकेल असें दाट मोजमाप शहराजवळ नव्हतें. पुढें महानगरपालिकेनें ठिकठिकाणीं स्वयंचलित पर्जन्यमापक बसविले, ते ह्याच कडू धड्यानंतर. आज मी जी हकीकत सांगणार आहें ती ह्या मधल्या जागेची आहे. ती भरून काढण्याचा उद्योग वेळोवेळीं कोणीं केला, आणि त्यांत सरकारी खात्यांच्या बरोबरीनें घरगुती निरीक्षकांचा, विशेषतः बिनतारी यंत्राचा नाद असलेल्या हौशी मंडळींचा, वांटा कोणता, हा आजचा विषय.

पाऊस मोजण्याची विद्या आपल्याकडे नवी नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोठारापाशीं एक अरत्नि, म्हणजे सुमारें एक हात, रुंद तोंडाचें भांडें ठेवून पाऊस मोजावा असें सांगितलें आहे. इतकेंच नव्हे, तर कोणत्या प्रदेशांत किती द्रोण पाऊस पडतो याचें मानही तेथें दिलें आहे. गंमत अशी कीं अश्मक देशाच्या पावसाला आंकडा आहे. परंतु अपरान्ताच्या, म्हणजे आपल्या कोंकणाच्या, पावसाला तो नाहीं. तो मोजण्यापलीकडचा, असें म्हणून ग्रंथकार मोकळा झाला आहे! सह्याद्रीच्या एका अंगाला मोजका पाऊस व दुसऱ्या अंगाला अमाप पाऊस, हें सत्य त्या काळींही ठाऊक होतें.

अर्वाचीन काळांत आलों म्हणजे प्रथम कुलाब्याचें नांव घ्यावें लागतें. कंपनी सरकारनें १८२६ सालीं तेथें वेधशाळा बांधली. मूळ हेतु ग्रहताऱ्यांचे वेध घेणें व बंदरांतील जहाजांना अचूक वेळ देणें हा होता. १८४१ पासून तेथें हवेच्या व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी नियमानें होऊं लागल्या. आपले केरूनाना छत्रे, जे पुढें पुण्यास गणिताचे अध्यापक म्हणून नांवाजले, ते ऐन कोवळ्या वयांत ह्याच वेधशाळेंत प्रोफेसर ऑर्लीबार यांच्या हाताखालीं कामास होते. दिव्याच्या उजेडांत पाऱ्याची उंची वाचून ती वहींत उतरणाऱ्या त्या तरुणाचें चित्र डोळ्यांपुढें आणलें म्हणजे महाराष्ट्रांतील हवामानशास्त्राचा आरंभ कसा झाला याची कल्पना येते.

परंतु ह्या नोंदींना एक मोठी मर्यादा होती. कुलाब्याचा आंकडा कुलाब्यासच कळे. समुद्रावरचें वादळ मुंबईवर येऊन आदळलें म्हणजे वायुभारमापकाचा पारा खालीं उतरल्याचें वहींत दिसे. पण तेंच वादळ आदल्या दिवशीं रत्नागिरीच्या किनाऱ्यावर होतें ही बातमी घेऊन येणारा जासूद वाटेंत असतांनाच वादळ येऊन निघून गेलेलें असे. वाऱ्यापेक्षां जलद धांवणारा दूत मिळेपर्यंत हवेचा अंदाज बांधणें शक्यच नव्हतें.

तो दूत तारायंत्राच्या रूपानें आला. क्रिमियाच्या युद्धांत १४ नोव्हेंबर १८५४ रोजीं बालाक्लाव्हापाशीं वादळ होऊन इंग्रज व फ्रेंच यांचीं अनेक जहाजें बुडालीं. लव्हेरिए ह्या फ्रेंच ज्योतिषानें ठिकठिकाणच्या निरीक्षकांकडून त्या दिवसांचे आंकडे मागवून घेतले व ते एकापुढें एक मांडले. तेव्हां असें दिसून आलें कीं हें वादळ युरोप ओलांडीत पूर्वेकडे गेलें होतें. कोणी तारेनें खबर दिली असती तर आरमार सावध होऊं शकलें असतें. आंकडे सर्व होते, पण ते निरनिराळ्या वह्यांत होते. इंग्लंडांत ॲडमिरल फिट्झरॉय यांनीं १८६१ सालीं तारेनें जमविलेल्या आंकड्यांवरून वर्तमानपत्रांत हवेचा अंदाज देण्यास प्रारंभ केला, त्याच्यामागें हाच धडा होता.

त्याच सुमारास इंग्लंडांत दुसरा एक प्रयोग चालू होता, आणि मला स्वतःला तो अधिक मोलाचा वाटतो. जॉर्ज सायमन्स नांवाच्या विशींतल्या तरुणानें देशभरच्या खासगी लोकांना पत्रें लिहून त्यांच्या घरचे पावसाचे आंकडे मागविण्यास सुरुवात केली. १८६० सालच्या नोंदी त्यानें छापल्या तेव्हां त्यांत १६८ ठिकाणें होतीं. शतकाच्या अखेरीस हा आंकडा तीन हजारांवर गेला. ह्या निरीक्षकांत धर्मोपदेशक होते, डॉक्टर होते, जमीनदार होते, आणि सांगण्यास आनंद वाटतो कीं शाळामास्तरही होते. कोणासही वेतन नव्हतें. मोबदला एवढाच कीं वर्षाच्या अखेरीस छापून आलेल्या पुस्तकांत आपल्या गांवचा आंकडा शेजारच्या गांवच्या आंकड्याशेजारीं पाहावयास मिळे.

आपल्या देशांत हें काम दुःखांतून उभें राहिलें. १८६४ च्या ऑक्टोबरांत कलकत्त्यावर मोठें चक्रीवादळ आलें. १८६६ सालीं ओरिसांत भयंकर दुष्काळ पडला. ह्या आघातांनंतर १८७५ सालीं अखिल हिंदुस्थानचें हवामान खातें स्थापन झालें व हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख झाले. प्रांतोप्रांतीं निरनिराळ्या रीतीनें चालणारीं मोजमापें एका पद्धतीवर आणणें हें त्यांचें पहिलें काम होतें. पुढें १९०४ ते १९२४ पर्यंत ह्या खात्याची धुरा वाहणारे गिल्बर्ट वॉकर यांनीं जगाच्या दूरदूरच्या ठाण्यांवरील आंकडे एकत्र मांडले, आणि हिंदी महासागरावरील हवेचा दाब व पॅसिफिक महासागरावरील दाब हे तराजूच्या दोन पारड्यांप्रमाणें एकमेकांच्या उलट वरखालीं होतात हें दाखवून दिलें. आपल्या मोसमी पावसाचा संबंध हजारों मैलांवरील समुद्राशीं आहे, हा मोठा शोध कोणा एका यंत्रानें लावला नाहीं; तो आंकड्यांच्या देवघेवीनें लागला.

पुण्याचा ह्या इतिहासांत विशेष मान आहे. १९२८ सालीं खात्याचें मुख्य ठाणें सिमल्याहून पुण्यास आलें. शिवाजीनगरची ती दगडी, मनोऱ्याची इमारत अजूनही ‘सिमला ऑफिस’ ह्याच नांवानें ओळखली जाते. १९४४ सालीं मुख्य कचेरी दिल्लीस गेली, तरी देशभरच्या नोंदींचें भांडार आजही पुण्यासच आहे. पुणेकरांच्या बोलण्यांत ‘वेधशाळा’ हा शब्द आला, आणि तिच्या अंदाजाची थट्टाही आली. थट्टा करावी, पण ज्या भागाचा आंकडाच तिच्याकडे जात नाहीं, त्या भागाचा अंदाज तिनें अचूक द्यावा अशी अपेक्षा धरणें न्यायाचें होणार नाहीं.

येथें थोडें स्वतःविषयीं बोलतों. मॅट्रिक होऊन व शिक्षकाची पदविका घेऊन मी मावळांतील एका शाळेंत रुजू झालों. तेथें आम्हीं शाळेच्या अंगणांत एक पर्जन्यमापक पुरला. रोज सकाळीं साडेआठ वाजतां एक विद्यार्थी कांचेच्या नळींत पाणी ओतून आंकडा मोठ्यानें वाची व दुसरा तो वहींत लिही. ही वेळ आम्हीं मनानें ठरविलेली नव्हती; देशभर पाऊस ह्याच वेळीं मोजतात. रविवार असो, गणपतीची सुट्टी असो, हा नेम कधीं चुकला नाहीं. अशा एकोणीस पावसाळ्यांच्या वह्या झाल्या. माझी बदली झाली तेव्हां त्या मी शाळेच्या कपाटांत व्यवस्थित लावून ठेवल्या. कांहीं वर्षांनीं सहज त्या गांवीं गेलों असतां वह्या पाहण्याची इच्छा झाली. इमारतीची दुरुस्ती निघाली त्या वेळीं जुने कागद रद्दींत गेले, असें समजलें. मी कोणास दोष देत नाहीं. दोष माझा होता. एकोणीस वर्षांत मीं एकाही वहीची दुसरी प्रत कोणाला पाठविली नाहीं. पाऊस आम्हीं प्रामाणिकपणें मोजला, पण तो आमच्यापाशींच ठेवला, आणि म्हणून तो न मोजल्यासारखाच झाला.

आतां बिनतारीकडे वळूं. तार जेथें जाते तेथेंच बातमी जाते, हें बंधन बिनतारी यंत्रानें तोडलें. समुद्रावरील जहाजें हवेचे आंकडे किनाऱ्यास कळवूं लागलीं, आणि पूर्वीं नकाशावर कोरा राहणारा समुद्र भरूं लागला. ह्या नव्या विद्येचें वेड केवळ सरकारांना व कंपन्यांना नव्हतें. घराच्या माळ्यावर तारांचीं वेटोळीं गुंडाळून दूरदेशींच्या अनोळखी माणसाशीं बोलणारे हौशी लोक सर्व देशांत निघाले. त्यांनाच ‘हॅम’ म्हणतात. आपल्याकडे १९२१ च्या सुमारास कलकत्त्यास अमरेंद्रचंद्र गुप्तू व मुकुल बोस यांनीं अशीं केंद्रें चालविलीं. १९२३ सालीं मुंबईस व १९२४ सालीं मद्रासेस रेडिओ क्लब निघाले. मुंबईस नियमित ध्वनिक्षेपण २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें; म्हणजे ज्या माध्यमांतून मी आज आपल्या घरीं येत आहें, त्याची पायवाट प्रथम हौशी मंडळींनींच पाडली होती.

सरकारची नजर ह्या मंडळींवर नेहमींच राहिली, आणि तें स्वाभाविकही आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत त्यांचें प्रक्षेपण बंद करण्यांत आलें. तरीही १९४२ च्या लढ्यांत ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मुंबईंतून चाललेला गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ उभा राहिला तो अशाच हौशी जाणकारांच्या कसबावर. आज ह्या छंदासाठीं सरकारी परवाना लागतो. बिनतारीचें शास्त्र व नियम यांची परीक्षा द्यावी लागते, आणि मग ‘व्ही यू’ ह्या अक्षरांनीं सुरू होणारें एक नांव त्या केंद्रास मिळतें. परवान्यावांचून प्रक्षेपण करणें हा गुन्हा आहे, हें तरुण श्रोत्यांनीं विसरूं नये. आणि परवाना मिळाला तरी त्यावर पैसा मिळवितां येत नाहीं. हौस ही हौसच राहिली पाहिजे, हा ह्या मंडळींचा जगभरचा नियम आहे.

ह्या हौसेचें चीज संकटांत होतें. १९९९ च्या ऑक्टोबर अखेरीस ओरिसाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आलें व तारा, खांब, टेलिफोन सर्व आडवें झालें, तेव्हां हौशी बिनतारीवाले तेथें मदतीस गेले. २६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामीच्या लाटा आल्या तेव्हां भारती प्रसाद व त्यांचे सहकारी अंदमानांत पोर्ट ब्लेअर येथें आपल्या छंदासाठींच यंत्रें लावून बसलेले होते. बेटांचा मुख्य भूमीशीं संबंध तुटला असतां त्यांनीं छंद बाजूला ठेवून रात्रंदिवस निरोप पोंचविले. अशा प्रसंगीं कळतें कीं जी वाट फक्त मौजेसाठीं मोकळी ठेविली होती, ती जीव वांचविण्याची वाट होऊं शकते.

परंतु संकटानंतरचा निरोप निराळा आणि संकटापूर्वींचा आंकडा निराळा. दिवसाचे चोवीस तास यंत्रापाशीं बसून कोण हवा सांगणार? ही अडचण संगणकानें दूर केली. १९७८ सालीं कॅनडांतील माँट्रियल येथें हौशी मंडळींनीं अक्षरांचे छोटे गठ्ठे बांधून ते बिनतारी लहरींवरून पाठविण्याचा प्रयोग यशस्वी केला. पुढील दशकांत अमेरिकेच्या नौदल अकादमींतील बॉब ब्रुनिंगा यांनीं त्यावर एक पद्धति बसविली. एखादी गाडी, नौका किंवा ठाणें कोठें आहे व तेथें काय चाललें आहे, हें एकाच लहरीवरून थोड्या थोड्या वेळानें सर्वांना कळत राहावें, ही तिची कल्पना. ए पी आर एस हें तिचें नांव. २०२२ सालीं ब्रुनिंगा वारले. त्यांची पद्धति मात्र जगभर रूढ झाली आहे.

ह्या पद्धतींत घरच्या हवेचा निरोप कसा जातो, तें ऐकण्यासारखें आहे. गच्चीवर एक छोटें यंत्र असतें. त्यांत नरसाळ्याखालीं सी-सॉप्रमाणें झुलणाऱ्या दोन इवल्या चमच्या असतात. पावसाचें ठराविक पाणी साठलें कीं एक चमची कलंडते व दुसरी वर येते. जितक्या वेळां कलंडली तितका पाऊस. शेजारीं वाऱ्याची दिशा दाखविणारें पातें, वेग मोजणाऱ्या फिरत्या वाट्या, उष्णता, आर्द्रता व वायुभार यांचीं मापकें. हे सर्व आंकडे घरांतील संगणक एका ओळींत बसवितो. प्रथम ठिकाण, मग वाऱ्याची दिशा अंशांत, मग वेग, झोत, उष्णता, पाऊस, आर्द्रता व वायुभार. आर्द्रतेस दोनच अंकांची जागा ठेवली आहे, त्यामुळें शंभर टक्के आर्द्रता झाली कीं तेथें दोन शून्यें लिहितात! ही ओळ दोन निराळ्या स्वरांच्या किलबिलींत बदलून १४४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांतून हवेंत सोडतात. सर्व काम सुमारें एका सेकंदांत उरकतें. माझ्या पिढीला कौतुक वाटावें अशी एक गोष्ट ह्यांत आहे. ह्या निरोपांत पाऊस इंचाच्या शंभराव्या भागांत सांगतात. आमचे वडीलधारे ‘आज साठ सेंट पडला’ असें म्हणत, तेंच हें माप. जुना सेंट नव्या लहरीवर बसून परत आला म्हणावयाचा.

ह्या लहरी डोंगर ओलांडूं शकत नाहींत. त्या जवळजवळ नजरेच्या रेषेंत जातात. म्हणून उंच जागीं एक पुनःप्रक्षेपक लागतो. तो आलेली किलबिल ऐकतो व तशीच पुढें पाठवितो. आपल्याला ही युक्ति परकी वाटण्याचें कारण नाहीं. शिवकालीं किल्ल्यावरून किल्ल्याला तोफेच्या आवाजानें किंवा जाळानें इशारत जात असे, ती ह्याच न्यायानें. पवनेच्या धरणाभोंवतीं लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे जे पहारेकरी उभे आहेत, त्यांच्याकडे पाहिलें कीं मला नेहमीं वाटतें, इशारतीच्या जागा आपल्या पूर्वजांनीं आधींच निवडून ठेविल्या आहेत.

डोंगरावरून निघालेला हा निरोप शेवटीं एखाद्या अशा घरीं पोंचतो कीं जेथून तो इंटरनेटवर चढतो, आणि मग जगांत कोठेंही वाचतां येतो. २००० सालच्या आगेंमागें अमेरिकेंतील हौशी बिनतारीवाल्यांनीं असे निरोप एकत्र करून तेथील हवामान खात्याच्या उपयोगास देण्याची व्यवस्था केली. आरंभीं ती केवळ परवानाधारकांची होती. पुढें ज्यांच्यापाशीं बिनतारी नाहीं पण हवामानयंत्र आहे अशांनाही तींत घेतलें. आज निरनिराळ्या देशांतील हजारों घरें तींत आंकडे घालतात. सायमन्सच्या १६८ पत्रलेखकांचा वंश असा वाढला आहे.

येथें एक रास्त शंका येईल. घरोघरचीं हीं यंत्रें विश्वासार्ह कशावरून? कोणी उष्णतामापक तापलेल्या भिंतीवर टांगील, कोणी पर्जन्यमापक झाडाखालीं ठेवील. शंका बरोबर आहे. सरकारी ठाण्यांवर उष्णतामापक पांढऱ्या, झडपांच्या लांकडी पेटींत ठेवतात व पर्जन्यमापक उघड्या जागीं ठराविक उंचीवर बसवितात, तें उगीच नव्हे. पण ह्या शंकेचें उत्तर आंकडे वांटण्यांतच आहे, हें मला अनुभवानें कळलें.

निवृत्तीनंतर मी पुनावळ्यास आमच्या घराच्या गच्चीवर पुन्हा पर्जन्यमापक ठेवला. रावेतला माझा एक जुना विद्यार्थी राहतो. तो चाकणच्या एका कारखान्यांत इंजिनिअर असून परवानाधारक हौशी बिनतारीवाला आहे. त्याच्या गच्चीवरील यंत्र आंकडे आपोआप लहरींवर सोडतें. रोज सकाळीं मी त्याला फोन करून माझा आंकडा सांगतों व त्याचा लिहून घेतों. दोन घरांत अंतर दोन-तीन किलोमीटरांचें. आंकडे थोडेफार निराळे येत, पण त्यांचा चढउतार एकसारखा असे. एका श्रावणांत मात्र ओळीनें कांहीं दिवस माझा आंकडा त्याच्या निम्म्यावर येऊं लागला. मी म्हणालों, “श्रावणसरी आहेत, तुझ्याकडे पडल्या, माझ्याकडे चुकल्या.” तो नम्रपणें म्हणाला, “गुरुजी, एक दिवस चुकतील. रोज कशा चुकतील? जरा नरसाळें काढून पाहाल कां?” मला थोडा रागच आला. चाळीस वर्षें पाऊस मोजणाऱ्याला हा मुलगा शिकवितो! तरी गच्चीवर जाऊन नरसाळें काढलें. त्याच्या नळींत कुंभारीण माशीनें मातीचें सुबक घर बांधलें होतें. पाणी थेंबथेंब खालीं उतरत होतें, उरलेलें नरसाळ्यांतच तुंबून उन्हानें उडून जात होतें. माझी वही तोंवर किती विश्वासानें खोटें बोलत होती!

ह्या घटनेनें मला एक गोष्ट शिकविली. एकट्या यंत्राला आपण चुकत आहों हें कधींच कळत नाहीं. तें शेजाऱ्याला कळतें. मोठ्या जाळ्यांत हेंच काम संगणक करतो. प्रत्येक घराचा आंकडा भोंवतालच्या घरांशीं ताडून पाहतो, आणि जो फार वेगळा पडेल त्यावर खूण करतो. घरगुती यंत्र सरकारी यंत्राइतकें चोख नसेल. पण अशीं दहा यंत्रें एकमेकांना तपासूं लागलीं कीं त्यांतून जें निघतें त्याची किंमत लहान नाहीं. मावळच्या शाळेंतील माझ्या वह्यांत अशा किती कुंभारणी राहून गेल्या असतील, हें आतां कोणालाच कळणार नाहीं.

आमच्या भागास ह्याची गरज किती आहे तेंही पाहा. लोणावळ्यास वर्षाकांठीं चार हजार मिलिमीटरांवर पाऊस पडतो. पुण्यास शिवाजीनगरला सातशेंच्या आसपास. मध्यें अंतर साठ-पासष्ट किलोमीटर. एवढ्याशा अंतरांत पाऊस इतका उतरतो, आणि ह्या उतारावरच मावळ, पुनावळें, रावेत, चिंचवड हीं गांवें बसलीं आहेत. पवना नदी मावळांतून निघून आमच्या शिवेवरून वाहत चिंचवडास जाते व दापोडीपाशीं मुळेस मिळते. आमच्याकडे ऊन पडलेलें असतां वर धरणाच्या बाजूस मुसळधार चाललेली असते. मग पाणी सोडलें जातें आणि चिंचवडचें मोरया गोसावींचें समाधिमंदिर पाण्यांत जातें, हें आम्ही अनेक पावसाळ्यांत पाहिलें आहे. पुनावळ्यांत पूर्वीं शेतें होतीं. तेथें आतां उंच इमारती उभ्या राहिल्या. नव्या वस्तींतल्या माणसाला ओढा कोठून येतो तें ठाऊक नसतें, आणि ओढ्याला मात्र आपली जुनी वाट ठाऊक असते. चिंचवड, लवळें, पाषाण, लोहगांव अशा ठिकाणीं वेधशाळेचीं स्वयंचलित ठाणीं झालीं आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. पण दोन ठाण्यांच्या मधली जागा उरतेच.

कोणी म्हणेल, आतां घरोघर इंटरनेट आहे. बिनतारीचा खटाटोप कशाला? नेहमींच्या दिवसांत हा आक्षेप खरा आहे, आणि पुष्कळ मंडळी आपले आंकडे इंटरनेटनेंच पाठवितात. परंतु ज्या रात्रीं आंकड्याची खरी गरज पडते, त्याच रात्रीं वीज जाते, आणि थोड्या तासांनीं मोबाइलच्या मनोऱ्यांच्या बॅटऱ्याही बसतात. मोटारीच्या बॅटरीवर चालणारें लहानसें बिनतारी यंत्र मात्र तेव्हांही शेजारच्या खोऱ्यांतील यंत्राशीं बोलूं शकतें. जगाला आंकडा पोंचला नाहीं तरी चालेल. खालच्या गांवाला पोंचला पाहिजे. मात्र एक पथ्य पाळलें पाहिजे. आंकडा सांगणें हें आपलें काम. धोक्याचा इशारा देणें हें वेधशाळेचें व सरकारी अधिकाऱ्यांचें. हौशी माणसानें अफवेचा कारखाना काढूं नये.

आपल्याकडे परवानाधारक हौशी मंडळींची संख्या लोकसंख्येच्या मानानें फारच लहान आहे, आणि त्यांतही हवेचे आंकडे पाठविणारे थोडे. म्हणून प्रत्येकानें उठून बिनतारी यंत्र घ्यावें असें मी म्हणत नाहीं. पण ज्या घराला गच्ची आहे, अंगण आहे, आणि सकाळीं साडेआठ वाजतां ज्या घरांत एक तरी नेमाचा मनुष्य आहे, त्या घरांत एक पर्जन्यमापक असावा. घरांतील मुलाला आंकडा वाचावयास सांगावें. तो आंकडा वहींत लिहावा, आणि त्याच दिवशीं तो दुसऱ्या एका घराला कळवावा. शेजारीं कोणी हौशी बिनतारीवाला असेल तर त्याची ओळख करून घ्यावी. घरांतील मुलगा किंवा मुलगी हुशार असेल तर तिला ह्या परीक्षेस बसवावें.

कौटिल्याच्या काळीं कोठारापाशीं भांडें ठेवीत, तें राजाला पीक कळावें म्हणून. कुलाब्यास नोंद ठेवीत, ती शास्त्राला सत्य कळावें म्हणून. आपण नोंद ठेवावी ती खालच्या गांवच्या माणसाला वरच्या गांवचा पाऊस कळावा म्हणून. आपण जेवलों कीं शेजारीं चूल पेटली कीं नाहीं हें पाहण्याची रीत आपल्या आजीपणजींनीं पाळली. तिलाच आपण शेजारधर्म म्हणतों. पाऊस तर सर्वांच्याच छपरावर पडतो. आपल्या छपरावर किती पडला, एवढें शेजाऱ्याला सांगण्यास फारशी विद्या लागत नाहीं. माझ्या एकोणीस वह्या गेल्या त्या गेल्या. विसावी वही मात्र मी एकटा लिहीत नाहीं, एवढेंच माझें समाधान आहे.